निश्चयक की निर्धारक? गणिताच्या परिभाषाकोशांबद्दल थोडं बोलायचं आहे

पाटीपुस्तक | रविवार, सकाळी ९:१२

गेली सहा वर्षं कऱ्हाडजवळच्या एका गावात मी उन्हाळ्यात गणिताचा वर्ग घेते. मुलं मराठी माध्यमातून दहावी झालेली आणि अकरावी सायन्सला जाणारी. म्हणजे जूनपर्यंत गणित मराठीत आणि जूननंतर एकदम इंग्रजीत.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. एक मुलगी क्रेमरच्या पद्धतीने एकसामयिक समीकरणं झरझर सोडवायची. अकरावीला गेल्यावर ऑगस्टमध्ये ती रडवेली होऊन आली. म्हणाली, "बाई, डिटर्मिनंट नावाचा नवीन धडा आलाय, आम्हाला हे कधी शिकवलेलंच नाही." मी तिच्याच दहावीच्या वहीतलं पान उघडून दाखवलं. निश्चयक, म्हणजे चौकोनी मांडणीतल्या संख्यांवरून ठरावीक रीतीने काढलेली एक संख्या! पाठ्यपुस्तकात शेजारी कंसात इंग्रजी शब्द छापलेला असतो, पण परीक्षेला तो लागत नाही, त्यामुळे नजर त्याच्यावरून घसरते. तिला गणित येत होतं, पण ओळखीच्या गोष्टीचं नाव एका रात्रीत बदललं होतं.

तेव्हापासून मी पोस्टकार्डाएवढी कार्डं करते. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्द देवनागरीत आणि रोमनमध्ये, खाली एक उदाहरण. आता तीनशे चाळीस कार्डं झाली आहेत. ती करताना कोश उघडावे लागले आणि तिथे मी अडकले.

निश्चयकाचंच घ्या. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात 'निश्चयक'. मराठी विश्वकोशात 'निर्धारक'. माझी मुलं यूट्यूबवर हिंदी व्हिडिओ बघतात, तिथे 'सारणिक'. वस्तू एक आणि नावं तीन, शिवाय चौथं इंग्रजी. कार्डावर काय लिहू? सगळी लिहिली तर मूल गोंधळतं. एकच लिहिलं तर विश्वकोशातला लेख वाचायला गेल्यावर त्याला तो सापडतच नाही.

दुसरी अडचण जास्त मोठी वाटते. माझ्याजवळच्या परिभाषाकोशात डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी शब्द, एवढंच आहे. व्याख्या नाही, उदाहरण नाही. ज्याला इंग्रजी शब्दाचा अर्थ आधीच माहीत आहे त्यालाच तो कोश वापरता येतो. ज्या मुलीसाठी मी कार्डं करते तिला तो काहीच सांगत नाही. भाषांतरकाराला असा कोश लागतो हे मला मान्य आहे, त्यामागे विद्वानांनी घेतलेले कष्टही दिसतात. पण विद्यार्थ्याच्या हातात देण्याजोगा, मराठी शब्दावरून उघडता येणारा आणि शब्दाचा अर्थ मराठीतच सांगणारा गणितकोश आपल्याकडे का असू नये?

इथे गणित शिकवणारे, भाषांतर करणारे, जुनी पुस्तकं जमवणारे बरेच जण आहेत. तुम्ही कोणते कोश वापरता? दोन कोशांत मतभेद असेल तर निवड कशी करता?

---

लंबदुभाजक | रविवार, सकाळी १०:०५

ताई, उत्तम विषय. मी महाविद्यालयात गणित शिकवतो आणि अधूनमधून भाषांतरं करतो.

आधी आपल्याकडे काय आहे ते सांगतो. राज्याचं भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झालं आणि त्याने विषयवार परिभाषाकोश केले. गणिताचाही आहे. आता ते शासनाच्या शब्दकोश संकेतस्थळावर शोधता येतात. विश्वकोशाने आपला पहिला खंड १९७६ मध्ये काढला, पण त्याआधी १९७३ मध्येच परिभाषासंग्रह छापला होता. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आधी शब्द ठरवले, मग लेख लिहिले. केंद्राचा वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ चा, त्याचं काम मुख्यतः हिंदीत.

म्हणजे तीन संस्था जवळजवळ एकाच काळात तीन ठिकाणी शब्द घडवत होत्या. बालभारती १९६७ मध्ये आली आणि शाळेत रुळलेले शब्द तिने वेगळे चालवले. तुमचे निश्चयक, निर्धारक आणि सारणिक हे असे वेगवेगळ्या घरांतून आले आहेत.

माझा नियम सांगतो: विद्यार्थ्यासाठी लिहायचं तर पाठ्यपुस्तकाचा शब्द पहिला. त्याने तो उच्चारलेला असतो, त्या शब्दासाठी गुण मिळवलेले असतात. बाकीचे 'हेही पाहा' म्हणून खाली बारीक अक्षरात. कोशात कुठला शब्द जास्त शुद्ध, हा प्रश्न मी नंतर विचारतो.

---

नर्मदातीरी | रविवार, सकाळी ११:३०

मी इंदूरची. घरात मराठी, शाळा हिंदी, त्यामुळे हे दोन्ही शब्द मी आयुष्यभर शेजारी ठेवून वापरले आहेत. ज्या मुलांचा अभ्यास हिंदी व्हिडिओंवर चालतो त्यांच्यासाठी काही जोड्या सांगते, कार्डांना उपयोगी पडतील.

तुमची मूळ संख्या म्हणजे आमची अभाज्य संख्या. तुमची संयुक्त ती आमची भाज्य. नैसर्गिक संख्या आमच्याकडे प्राकृत, वास्तव संख्या वास्तविक, एकरूप त्रिकोण सर्वांगसम, संभाव्यता म्हणजे प्रायिकता, बहुपदी म्हणजे बहुपद. परिमेय आणि अपरिमेय मात्र दोन्हीकडे तेच.

हे शब्द निदान दिसायला तरी वेगळे आहेत, मूल थांबून विचारतं. खरा धोका सारख्या दिसणाऱ्या शब्दांत आहे. मराठी 'खर्व' आणि हिंदी 'खरब' एकच वाटतात ना? मराठीत खर्व म्हणजे दहा अब्ज, एकावर दहा शून्यं. भास्कराचार्यांच्या लीलावती या जुन्या गणितग्रंथातला क्रमही तोच: अब्ज, खर्व, निखर्व, प्रत्येक आधीच्याच्या दहापट. हिंदीत मात्र शंभर अरब म्हणजे एक खरब, एकावर अकरा शून्यं. मराठी अब्ज आणि हिंदी अरब बरोबर जुळतात, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो आणि पुढच्याच पायरीवर दहापटीने चुकतो. माझ्या वडिलांनी मला हे लहानपणी पाटीवर लिहून दाखवलं होतं, म्हणून लक्षात आहे. प्रतिशब्दांची यादी हे सांगत नाही. तिथे 'सावधान' म्हणून एक ओळ लागते.

---

पाटीपुस्तक | रविवार, दुपारी १२:१८

नर्मदातीरी, खर्व-खरब हे मला माहीतच नव्हतं. 'सावधान' ही ओळ आजपासून कार्डावर. मनापासून आभार.

सर, 'पाठ्यपुस्तकाचा शब्द पहिला' हे पटलं. पण पाठ्यपुस्तकाच्या शब्दांतही एक अडचण येते. एकच शब्द दोन-तीन अर्थांनी वापरला जातो. 'कंस' म्हणजे वर्तुळाचा तुकडा आणि 'कंस' म्हणजे आकडेमोडीतले कंसही. 'मूळ' संख्या आहे, 'वर्गमूळ' आहे, समीकरणाची 'मुळं' आहेत. एका मुलाने "समीकरणाची मुळे शोधा" याचा अर्थ मूळ संख्या शोधा असा घेतला होता आणि उत्तर चार आल्यावर ते खोडलं होतं, कारण चार ही मूळ संख्या नाही! बिचाऱ्याने त्याच्या समजुतीप्रमाणे बरोबरच केलं होतं. 'कोटी' तर विचारूच नका. शंभर लाख म्हणजे कोटी, निश्चयकाचीही कोटी, आणि जुन्या त्रिकोणमितीत काटकोन त्रिकोणाची उभी बाजूही कोटीच.

---

वाईचाघाट | रविवार, दुपारी ४:४०

निवृत्त शिक्षक आहे, सदतीस वर्षं गणित शिकवलं. कोटीचं नाव निघालं म्हणून लिहायला बसलो.

कोटी म्हणजे धनुष्याचं टोक. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य, त्याची दोन टोकं जोडणारी जीवा ही दोरी. आपल्या ज्योतिषांनी अर्ध्या दोरीला 'अर्धज्या' म्हटलं आणि पुढे नुसतं 'ज्या' उरलं. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये या ज्यांचं कोष्टक दिलं. ज्या हिचंच दुसरं नाव जीवा. अरबी विद्वानांनी ते 'जिबा' असं घेतलं. अरबीत स्वर लिहीत नाहीत, म्हणून पुढच्यांनी ती अक्षरं 'जैब' अशी वाचली, म्हणजे कपड्याचा घोळ, खोळ. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्या अर्थाचा 'सायनस' हा शब्द घातला. आज अकरावीच्या पुस्तकात जो 'साइन' आहे तो असा आपल्या धनुष्याच्या दोरीवरून निघून, वाटेत एकदा चुकीचा वाचला जाऊन परत आला आहे.

त्रिज्या हा शब्दही मी मुलांना फोडून दाखवायचो. राशी तीस अंशांची. तीन राशी म्हणजे नव्वद अंश. तीन राशींची ज्या ती त्रिज्या, आणि नव्वद अंशांची ज्या बरोबर वर्तुळाच्या मध्यापासून परिघापर्यंत असते. त्रिज्या म्हणजे रेडियस, एवढंच लिहिलं की यातलं सगळं गळून पडतं. मी हे फळ्यावर काढलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

म्हणून माझी आग्रहाची विनंती: कार्डावर व्युत्पत्ती हवीच.

---

कळफलक | रविवार, रात्री ८:५५

थोडं वेगळं मत मांडतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, मराठी माध्यमातून शिकलो. मला प्रामाणिकपणे वाटतं की दहावीनंतरच्या गणितासाठी नवे संस्कृत शब्द घडवून आपण मुलांच्या डोक्यावर दुसरं ओझं देतो. मॅट्रिक्सला, म्हणजे संख्यांच्या चौकटीतल्या मांडणीला, आव्यूह म्हणून काय मिळालं? मूल आव्यूह शिकणार, मग तो विसरून मॅट्रिक्स शिकणार. सरळ देवनागरीत 'मॅट्रिक्स' लिहावं, व्याख्या मराठीत द्यावी आणि पुढे जावं. इंग्रजीनेही हेच केलं आहे. 'आयगेनव्हॅल्यू' या शब्दातला 'आयगेन' जर्मन आहे, 'व्हॅल्यू' तेवढी इंग्रजी. कोणी त्याबद्दल लाजत नाही.

शिवाय वाईचाघाट सरांनी सांगितलेली व्युत्पत्ती सुंदर आहे, पण जुलैमध्ये घाबरलेल्या मुलाला ती लगेच उपयोगी पडेल असं वाटत नाही. त्याला आधी अर्थ हवा.

---

लंबदुभाजक | रविवार, रात्री ९:३०

कळफलक, व्याख्या मराठीत हवी हा तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण सगळे मराठी शब्द एका मापाने मोजू नका. काही शब्द स्वतःच शिकवतात, ते टाकून देणं म्हणजे नुकसान आहे.

इंग्रजीत 'मीडियन' हा एकच शब्द. त्रिकोणाच्या शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंतची रेषा ती मीडियन, आणि चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला तोही मीडियन. मराठीत पहिली मध्यगा आणि दुसरा मध्यक. मध्यगा म्हणजे मध्याकडे जाणारी! व्याख्या शब्दातच आहे. तिन्ही मध्यगा जिथे मिळतात तो मध्यगासंपात. शिरोलंब जिथे मिळतात तो लंबसंपात. 'सेंट्रॉइड' आणि 'ऑर्थोसेंटर' पाठ करावे लागतात, मराठी शब्द ऐकून आकृती काढता येते. परिवर्तुळ, अंतर्वर्तुळ, लंबदुभाजक (माझं इथलं नाव त्यावरूनच घेतलं), स्पर्शिका, छेदिका हे सगळे असेच.

उलट 'व्यस्त प्रमाण' म्हटलं की आजच्या मुलाला कामात गढलेला माणूस आठवतो. तिथे शब्द मदत करत नाही, उदाहरणच द्यावं लागतं: मजूर वाढले की दिवस कमी. मॅट्रिक्सच्या बाबतीत मी तुमच्या बाजूचा आहे, वर्गात मॅट्रिक्सच म्हणतो. तरी एक सांगतो, 'मॅट्रिक्स' हा शब्द सिल्व्हेस्टर यांनी १८५० मध्ये वापरला तो गर्भाशय या लॅटिन अर्थाने. आकड्यांच्या या चौकटीच्या पोटातून वेगवेगळे निश्चयक जन्माला येतात, ही त्यांची कल्पना. इंग्रजी विद्यार्थ्यालाही हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. परका शब्द जसाच्या तसा घेतला तरी समजावण्याचं काम उरतंच, आणि ते कोशानेच करायचं असतं.

---

दर्यावर्दी | सोमवार, सकाळी ७:२०

गोव्यातून. आमच्याकडे मराठी शाळेत चौथीपर्यंत आणि पाचवीपासून इंग्रजी. म्हणजे तुमच्या मुलांना सोळाव्या वर्षी जो धक्का बसतो तो आम्हाला दहाव्या वर्षी बसायचा. मला 'लसावि' आणि 'मसावि' हे शब्द दादामुळे ठाऊक होते. अशी कार्डं तेव्हा असती तर पाचवीचं वर्ष सोपं गेलं असतं. पाचवीसाठी म्हणून एक छोटा संच वेगळा काढाल का? चाळीस-पन्नास शब्द पुरतील. बेरीज, हातचा, छेद, अंश, परिमिती एवढंच.

---

आल्प्समधली | सोमवार, दुपारी १:१५

मी फ्रान्समध्ये गणितात पीएचडी करते आहे. दहावीपर्यंत मराठी, मग इंग्रजी आणि आता फ्रेंच, म्हणजे नावं बदलण्याचा अनुभव मी दोनदा घेतला आहे.

इथे आल्यावर पहिल्या महिन्यात एका सिद्धतेत अडकले. 'पॉझितीफ' म्हणजे पॉझिटिव्ह, म्हणजे धन, यात शंका घेण्यासारखं काय आहे? पण फ्रेंचमध्ये 'पॉझितीफ' म्हणजे शून्य किंवा शून्याहून मोठी. शून्य नको असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं, 'स्त्रिक्तमाँ पॉझितीफ'. म्हणजे इंग्रजीत आणि मराठीत शून्य धन नाही, फ्रेंचमध्ये आहे. नैसर्गिक संख्यांचंही तसंच. आपल्या शाळेत त्या एकपासून सुरू होतात आणि शून्य घेतलं की पूर्ण संख्या होतात. इथे नैसर्गिक संख्यांत शून्य पहिल्यापासून आहे. दोन भाषांचे शब्द समोरासमोर छापून हा फरक कधीच दिसणार नाही, कारण शब्द बरोबरच आहेत, व्याख्या वेगळ्या आहेत. गणितात एका शून्याने प्रमेय खोटं ठरतं. त्यामुळे पाटीपुस्तक ताईंच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं: व्याख्येशिवाय गणितकोश पुरा होत नाही.

चांगला कोश कसा असतो हे पाहायचं तर दोन नावं. जेम्स आणि जेम्स यांचा अमेरिकन कोश, पहिली आवृत्ती १९४२ ची. त्यात प्रत्येक शब्दाखाली व्याख्या आणि बऱ्याच ठिकाणी उदाहरण असतं. नंतरच्या आवृत्त्यांत शेवटी फ्रेंच, जर्मन, रशियन आणि स्पॅनिश शब्दांच्या याद्या जोडल्या, म्हणजे त्या भाषांतून येणाऱ्यालाही दार उघडं. तिथे मराठीची यादी जोडायला काय हरकत होती, असं मला ती पानं चाळताना नेहमी वाटतं.

दुसरा जपानी. जपानच्या गणित परिषदेने १९५४ मध्ये शोकिची इयानागा यांच्या संपादनाखाली जपानी भाषेत गणिताचा कोश काढला. नुसते शब्द दिले नाहीत, एकेका विषयावर लेख लिहिले. तो इतका चांगला झाला की १९७७ मध्ये अमेरिकेत त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं. इथल्या ग्रंथालयात तो आहे, लोक उघडून वाचताना दिसतात. युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या देशाने स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतःच्या भाषेत केलेलं हे काम. मी जेव्हा जेव्हा तो कोश हातात घेते तेव्हा मला आपली भाषा आठवते.

---

जुनीपाने | सोमवार, रात्री १०:५०

हा धागा वाचून राहवलं नाही. जुनी गणिताची पुस्तकं हा माझा जिव्हाळ्याचा विषय. एक गोष्ट सांगतो, जरा लांब आहे.

चार्ल्स हटन हे इंग्लंडमध्ये वुलिचच्या लष्करी अकादमीत गणित शिकवत. १७९५-९६ मध्ये त्यांनी गणिताचा दोन खंडांचा मोठा कोश छापला. त्यात एक चूक झाली. चौकोनांची दोन नावं जुन्या ग्रीक परंपरेतून आली होती: ट्रॅपिझियम म्हणजे एक जोडी समांतर बाजू असलेला चौकोन आणि ट्रॅपिझॉइड म्हणजे एकही जोडी समांतर नसलेला. हटन यांच्या कोशात ही नावं उलटी पडली. कोश प्रतिष्ठित असल्यामुळे लोकांनी तेच उचललं. इंग्लंडने एकोणिसाव्या शतकात पुढे ते सरळ करून घेतलं, अमेरिकेने केलं नाही. आजही इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडच्या इंग्रजी पुस्तकांत जो ट्रॅपिझियम तो अमेरिकन पुस्तकात ट्रॅपिझॉइड. एका कोशातली अदलाबदल सव्वादोनशे वर्षं दोन देशांना वेगळं बोलायला लावते आहे. पाटीपुस्तक ताई, तुमची मुलं अमेरिकन व्हिडिओ बघत असतील तर 'सावधान' ही ओळ इथेही लागेल.

आता आपल्याशी संबंध. याच हटन यांचं गणिताचं पाठ्यपुस्तक मुंबईत आलं आणि १८२० च्या दशकात जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्री मंडळींच्या मदतीने त्यावरून मराठीत गणिताची पुस्तकं तयार केली. मराठीतल्या छापील गणिताची सुरुवात ती. विचार करा, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, कँडींनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. म्हणजे या मोठ्या कोशांचा आधारही हाताशी नसताना ही माणसं भूमिती मराठीत आणत होती. त्यांनी शब्द कुठून काढले? शास्त्र्यांना लीलावती पाठ होती. भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची, आणि तिच्यात 'समानलंब' चौकोन आहेच. ज्याचे लंब सारखे तो समलंब. दोन बाजू समांतर असल्या की त्यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं, म्हणून लंब समान. इंग्रजीतली अदलाबदल कोणत्याही बाजूने झाली तरी मराठी मुलाला समलंब चौकोन ओळखताना अडचण येत नाही, कारण लक्षण नावातच बांधलेलं आहे.

आणखी एक. बीजगणितात आपण अज्ञात राशीला 'क्ष' म्हणतो. आपल्या जुन्या ग्रंथांत अज्ञातांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक म्हणत, म्हणजे पहिल्यानंतरची अज्ञातं रंगांच्या नावांनी. लिहिताना या, का, नी, पी अशी आद्याक्षरं. शाळेतल्या क्ष वरून पुढे एक्स-रे ला क्ष-किरण हे नाव मिळालं, तेही इतकं चपखल की आज ते गणितातून आलं हे कोणाच्या मनातही येत नाही.

---

कळफलक | मंगळवार, सकाळी ८:४०

मध्यगा आणि समलंब या दोन उदाहरणांनी माझं मत थोडं बदललं, हे नोंदवतो. मॅट्रिक्सवर मात्र ठाम आहे.

एक व्यवहाराची सूचना. ही कार्डं कागदावरच ठेवू नका, आणि एकाच माणसाच्या संगणकावरही ठेवू नका. मॅथवर्ल्ड हा इंटरनेटवरचा गणिताचा मोठा कोश एरिक वाइसस्टीन यांनी वर्षानुवर्षं खपून उभा केला आणि ऑक्टोबर २००० मध्ये प्रकाशकाच्या दाव्यामुळे तो वर्षभर बंद पडला. जगभरचे विद्यार्थी रोज वापरत होते, एका दिवशी दार बंद. म्हणून पहिल्या दिवसापासून मुक्त परवान्यावर टाका, कोणीही उतरवून घेईल, छापेल, सुधारेल. तक्ता मी करून देतो: मराठी शब्द, इंग्रजी शब्द, हिंदी शब्द, इतर मराठी कोशांतले शब्द, व्याख्या, उदाहरण, सावधान. मराठी अकारविल्हे आणि इंग्रजी अकारविल्हे अशा दोन्ही याद्या त्यातून आपोआप निघतील. शनिवार-रविवार माझे.

---

वाईचाघाट | मंगळवार, दुपारी ३:१०

त्या तक्त्यात व्युत्पत्तीचा रकाना राहिला. सगळ्या शब्दांना नको, पण जिथे आहे तिथे असू द्या. दोन ओळींपेक्षा जास्त लिहिणार नाही, शब्द देतो. ज्या, त्रिज्या, कोटी, करणी, त्रैराशिक यांचं मी लिहितो.

---

पाटीपुस्तक | मंगळवार, रात्री ९:२५

तीन दिवसांत इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. कळफलक, तक्ता नक्की हवा. सर, रकाना वाढवते, तुमच्या ओळींची वाट बघते. दर्यावर्दी, पाचवीचा संच दिवाळीच्या सुट्टीत करते. शब्दांची यादी तुम्ही सुरू करा, दहाव्या वर्षी काय अडलं होतं ते तुम्हालाच आठवेल.

नव्या पद्धतीचं पहिलं कार्ड इथे टाकते. निश्चयकापासून सुरुवात झाली म्हणून तेच. चुका काढा.

निश्चयक
इंग्रजी: डिटर्मिनंट. विश्वकोशात: निर्धारक. हिंदी: सारणिक.
अर्थ: जितक्या आडव्या ओळी तितकेच उभे स्तंभ अशा चौकोनी मांडणीतल्या संख्यांवरून ठरावीक रीतीने काढलेली एक संख्या. दोन ओळी आणि दोन स्तंभ असतील तर वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या संख्येच्या गुणाकारातून उरलेल्या दोघींचा गुणाकार वजा करायचा.
उदाहरण: वरची ओळ ५, ३, खालची ओळ ७, ९. निश्चयक = ५ × ९ − ३ × ७ = ४५ − २१ = २४.
कशाला लागतो: क्रेमरच्या पद्धतीत. छेदातला निश्चयक शून्य आला तर ती पद्धत चालत नाही.
सावधान: निश्चयक ही एक संख्या आहे. मॅट्रिक्स ही संख्यांची मांडणी आहे. दोन्ही एकच नाहीत.

---

लंबदुभाजक | मंगळवार, रात्री १०:०२

कार्ड छान उतरलं आहे. 'सावधान'मध्ये अजून एक ओळ लागेल. निश्चयक दोन उभ्या रेघांमध्ये लिहितात आणि केवलमूल्यही दोन उभ्या रेघांमध्येच लिहितात. नववीत केवलमूल्य शिकलेली मुलं असं धरून चालतात की उभ्या रेघांतून ऋण उत्तर बाहेर येऊच शकत नाही. मी बारावीच्या उत्तरपत्रिकांत हे पाहिलं आहे, सगळी आकडेमोड बरोबर आणि शेवटी वजा चिन्ह खोडलेलं. तुमच्या उदाहरणाचं उत्तर २४, म्हणजे धन, त्यामुळे ही समजूत तशीच राहील.

---

पाटीपुस्तक | मंगळवार, रात्री १०:२०

सर, माझ्या त्या मुलीच्या वहीतही एका ठिकाणी वजा चिन्ह खोडलेलं होतं. तेव्हा मला वाटलं घाईत झालं असेल.

उदाहरण बदलते. वरची ओळ २, ५. खालची ओळ ३, २. निश्चयक = २ × २ − ५ × ३ = ४ − १५ = −११. आणि सावधान: या उभ्या रेघा केवलमूल्याच्या नाहीत, वजा चिन्ह खोडू नका.